ब्रेकला लावलेला शेंदूर

भिंती नसलेल्या घरांतून चालण्यात माझी नोकरीची सगळी वर्षं गेली. लोक राहायला येतात तेव्हा घराला रंग असतो, पडदे असतात, दारावर नावाची पाटी असते. मी ज्या घरांत फिरलो तिथं नुसते खांब आणि वर छत. वारा एका बाजूनं यायचा आणि कुणाला न विचारता दुसऱ्या बाजूनं निघून जायचा. हिवाळ्यात सकाळी धुकं थेट वरच्या मजल्यांवर शिरायचं आणि त्यात मी हातानं चाचपत कठडा शोधायचो. इथं पुढे कुणाचं स्वयंपाकघर होणार, कुणाचं देवघर, हे नकाशावरून ठाऊक असायचं. कधी कधी तर न झालेल्या स्वयंपाकघरातून फोडणीचा वास येतोय असंही वाटायचं. मग भानावर यायचो, कारण माझं काम पुढच्या माणसांचं नव्हतं, आजच्या माणसांचं होतं. आज इथून कुणी खाली पडू नये, एवढंच ते काम.

त्याला सेफ्टी ऑफिसर म्हणतात. साइटवर मला नावानं कुणी हाक मारली नाही. तोंडावर 'सेफ्टीसाहेब' आणि पाठीमागे 'शिट्टीवाला', कारण गळ्यात शिट्टी असायची आणि ती वाजली की कुणाचं तरी काम थांबायचं. काम थांबवणारा माणूस कुणाला आवडतो? इंजिनियर मजला चढवतो, गवंडी भिंत उभी करतो, आणि आम्ही फक्त 'थांबा' म्हणतो. संध्याकाळी ज्याला त्याला आपण काय केलं ते बोटानं दाखवता येतं. मला दाखवता येत नसे. जे घडलं नाही ते दाखवायचं तरी कसं?

आता निवृत्त झालो, पण सवय गेली नाही. लग्नाच्या मंडपात गेलो की हात आपोआप बांबूच्या गाठीकडे जातो. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही, असं बायको पाहुण्यांसमोर म्हणते आणि पाहुणे हसतात. गाठ मात्र बहुतेक वेळा सैलच असते.

रोजची तपासणी म्हणजे एक फेरी. सकाळी कामाला हात लागण्याआधी वरच्या मजल्यावर जायचं आणि उतरत उतरत खाली यायचं. कठडे जागेवर आहेत का, छतात ठेवलेल्या भोकांवर फळ्या आहेत का, परांचीचे बांबू कुणी रात्री शेकोटीला तर नेले नाहीत ना, वायरी पाण्यात तर पडल्या नाहीत ना. यात शौर्य काही नाही. त्याच त्या गोष्टी रोज नव्यानं बघायच्या. अवघड आहे ते हे 'नव्यानं' बघणंच. काल ठीक होतं म्हणून आज कानाडोळा केला, की तिथूनच घात होतो.

माणसं मात्र रोज नवी असायची. एका प्लास्टरवाल्याला मी बेल्ट घाल म्हणून आठवडाभर सांगितलं, शेवटी त्यानं घातला. वर जाऊन बघतो तर बेल्टचा हुक त्यानं कशाला अडकवला असेल? स्वतःच्याच पँटीला. बेल्ट घाल म्हटलं, घातला. कुठं अडकव ते तुम्ही सांगितलं नाही, असं त्याचं म्हणणं. हेल्मेटची तर वेगळीच कथा. हेल्मेटमधून संत्री नेलेली पाहिली, त्यात चणे भिजवलेले पाहिले. पण डोक्यावर घमेलं वाहणाऱ्या बायांची अडचण खरी होती. हेल्मेटच्या घुमटीवर चुंबळ ठरत नाही आणि चुंबळीवर हेल्मेट बसत नाही. ज्यानं हेल्मेट शोधून काढलं त्यानं घमेलं कधी उचललं नसावं. मी वरिष्ठांना विचारलं तर ते म्हणाले, बघू. अजून बघताहेत बहुधा.

दुपारी जेवणानंतर सगळी साइट झोपायची. तो काळ मला फार आवडायचा. गार, फरशी नसलेल्या खोल्यांतून माणसं गमछा तोंडावर घेऊन पडलेली असायची. प्रत्येकाची खोली ठरलेली. ज्या घरात पुढे त्यांना दारावरची घंटासुद्धा वाजवता आली नसती, त्या घरातल्या सगळ्यात हवेशीर खोलीत ते हक्कानं झोपायचे. मी पाय न वाजवता त्यांच्यामधून चालायचो. सगळी इमारतच कुणाच्या तरी झोपेत उभी आहे असं वाटायचं.

सांगायची गोष्ट धंतोली भागातल्या एका दवाखान्याच्या बांधकामाची आहे. गल्ली अरुंद, दोन्ही बाजूंना आधीचेच दवाखाने, त्यामुळे काँक्रीट पंपाची मोठी गाडी आत येत नव्हती. सगळा माल चढायचा तो लिफ्टनं. लिफ्ट म्हणजे आरसा लावलेली, बटणं दाबायची ती नव्हे. लोखंडी मनोरा, त्यात वरखाली जाणारी एक बकेट, आणि खाली मशीन. मशीनचा ड्रम तारेचा दोर गुंडाळतो, बकेट वर जाते. ड्रमला बाहेरून एक पट्टा कवटाळून असतो, तो ब्रेक. पट्ट्याच्या आतून खरखरीत लायनिंग बसवलेलं असतं. ते खरखरीत असतं म्हणून ड्रमला धरून ठेवतं. सायकलच्या रिमला तेल लागलं की ब्रेक कितीही दाबा, सायकल पुढेच जाते, तसंच हे.

ही लिफ्ट चालवायचा सुखदेव. भिवापूरकडचा, काटक, बोलायला कमी. कितीतरी साइटींवर आम्ही बरोबर होतो. मशीनचा आवाज जरा बदलला तर जेवणावरून उठायचा. आणि त्याची बायको कौतिका मनोऱ्याच्या पायथ्याशी बकेट भरायची. बकेट खाली आली की घमेली रिकामी करायची, बाजूला व्हायचं, हात वर करायचा. तो हात दिसला की सुखदेव लिव्हर ओढायचा. दिवसभर दोघांत एक शब्दही होत नसे. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर नवराबायकोत एवढा समजूतदार कारभार मी दुसरीकडे पाहिला नाही, माझ्या घरी तर नाहीच.

खंडेनवमीला सगळीकडे हत्यारांची पूजा होते, तशी साइटवरही व्हायची. थापी, करणी, घमेली ओळीनं मांडायची, हळदकुंकू, झेंडूची फुलं. सुखदेवचं मात्र वेगळं होतं. डोंगर उचलणारा देव एकच, मारुती. मग ओझं उचलणाऱ्या मशीनला नुसतं कुंकू कसं चालेल? त्याला शेंदूरच पाहिजे, तेलात कालवलेला. दरवर्षी तो मोटारीच्या झाकणावर शेंदराचा टिळा लावायचा, नारळ फोडायचा आणि त्या दिवशी मशीनला हात लावायचा नाही. मी पूजेला हजर असायचो. माझ्या शिट्टीलाही कुणीतरी कुंकू लावायचं.

त्या वर्षी दसरा झाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माणसं कामावर आली. त्याच दिवशी स्लॅब टाकायचा होता. खडी, वाळू, सिमेंट, सगळं तयार. ठेकेदार धुतलेल्या पांढऱ्या शर्टात आला होता. मी वरून फेरी उतरत लिफ्टपाशी आलो. तिथली माझी पद्धत ठरलेली होती. आधी रिकामी बकेट थोडी चढवायची, ब्रेक लावायचा. मग वाळूची पोती भरून चढवायची, ब्रेक लावायचा, बकेटच्या बुडाच्या रेषेत मनोऱ्यावर खडूनं खूण करायची. आणि मग उभं राहायचं. खाली कुणालाही फिरकू द्यायचं नाही. एक विडी ओढून होईल इतका वेळ नुसतं खूण आणि बकेट बघत राहायचं. सुखदेव याला 'साहेबांचं ध्यान' म्हणायचा, आणि मी ध्यानाला बसलो की खरंच एक विडी काढायचा.

रिकामी बकेट छान थांबली. भरलेलीही थांबली. मी खूण केली आणि मागे सरून उभा राहिलो. सणानंतरची सकाळ होती, ऊन कोवळं होतं. शेजारच्या दवाखान्याच्या गच्चीवर कुणाच्या तरी चादरी वाळत होत्या. रस्त्यात आदल्या दिवशीची आपट्याची पानं पडली होती. मनोऱ्याच्या टोकाला सुखदेवनं बांधलेला झेंडूचा हार हळूहळू हलत होता आणि त्यामागून आभाळ सरकत होतं. वर बघत राहिलं की आभाळ थांबलंय आणि मनोराच चाललाय असं वाटायला लागतं. मला वाटलं, तसंच काहीतरी होतंय. कारण खूण वर चाललेली दिसत होती.

खूण कशी वर जाईल? मी डोळे चोळले. खूण तिथंच होती. बकेट खाली येत होती. आवाज नाही, झटका नाही. झोपेत माणूस कूस बदलतो तितक्या सावकाश ती उतरत होती. सुखदेवच्या हातातली विडी तशीच राहिली. त्यानं ब्रेकचा लिव्हर आणखी दाबला, सगळा भार टाकून दाबला. बकेट उतरतच राहिली, आणि कौतिका रोज जिथं सांडलेली खडी गोळा करायला वाकायची नेमक्या त्या जागेवर येऊन टेकली.

मी शिट्टी वाजवली, मेन स्विच बंद केला, कुलूप लावलं आणि लिव्हरला लाल टॅग बांधला. लाल टॅग म्हणजे माझ्या परवानगीशिवाय या मशीनला कुणी हात लावायचा नाही.

ठेकेदार आला. त्याचं म्हणणं सोपं होतं: बकेट अर्धी अर्धी भरू, हळू चालवू, स्लॅब होऊन जाऊ द्या, मग काय करायचं ते करा. सगळ्यांसमोर तो म्हणाला की दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पूजेच्या मशीनला कुलूप घालणं म्हणजे अपशकुन आहे, मजूर पळून जातील. आणि शेवटी आवाज खाली आणून म्हणाला, "साहेब, सहा मजले याच मशीननं चढवले न? आजच काहून बिघडून राहिली?" प्रश्न चुकीचा नव्हता. मलाही तेच पाहिजे होतं.

ब्रेकवर लोखंडी जाळीचं झाकण होतं. सुखदेवनं ते उघडलं आणि तो तसाच बसून राहिला. आत ड्रमवर, पट्ट्यावर, लायनिंगच्या फटीत, सगळीकडे शेंदूर. ताजा, तेलानं चमकणारा. दिवाळीतल्या देवासारखा तो ब्रेक दिसत होता.

ठेकेदारानं विचारलं, कोणी केलं हे. सुखदेव म्हणाला, "मीच लावलं." मला लगेच कळलं की हा खोटं बोलतोय. ज्यानं आयुष्यभर ब्रेकला तेलाचा थेंब लागू दिला नाही, तो तेलात कालवलेला शेंदूर तिथं फासेल? ठेकेदार तोंडाला येईल ते बोलायला लागला. सामान उचल आणि चालता हो, इथपर्यंत गोष्ट आली. सुखदेव मान खाली घालून ऐकत होता. या वयात अशा बदनामीनं निघालेल्या ऑपरेटरला पुन्हा कुणी मशीनवर बसवत नाही, हे तिथल्या सगळ्यांना माहीत होतं.

तेव्हा कौतिका पुढे आली. डोक्यावरचा पदर सारखा करत म्हणाली, "यायनं नाही लावला जी. म्या लावला."

तिनं जे सांगितलं ते असं. नवमीच्या संध्याकाळी पूजा झाल्यावर वाटीत शेंदूर उरला होता. उरलेला शेंदूर फेकत नाहीत. सुखदेव नेहमी तिला सांगायचा की मोटार नुसती ओढते, पण सगळा भार जिवावर धरून ठेवते ती आतली चकरी. मग टिळा मोटारीला आणि जी भार धरते ती कोरडी, हे तिला बरं वाटलं नाही. तिनं झाकण काढलं, दोन्ही हातांनी मनापासून चकरीला शेंदूर लावला, नमस्कार केला, झाकण परत बसवलं. "माहं माणूस तिच्या भरोशावर बसते," ती म्हणाली, "मंग तिलेच काहून कमी लावू?"

 मला सेफ्टीचे कितीतरी वर्ग घेतल्याचं आठवतं. फळ्यावर आकृत्या काढायचो आणि माणसं जांभया द्यायची. पालथ्या घड्यावर पाणी, म्हणत मी घरी जायचो. इथं एका बाईनं नवऱ्याचा शब्द न् शब्द ऐकला होता, ब्रेकचं महत्त्व तिला पुरतं कळलं होतं, आणि म्हणूनच तो निकामी झाला होता. आणि तो सुटला असता तर कुणावर, हेही मला दिसत होतं. बकेट वर असताना ती खाली खडी गोळा करायला वाकते तेव्हा दुसरं कुणी तिथं नसतं.  

सुखदेवला ते माझ्या आधी कळलं असावं. तो एकटक बकेट टेकली होती त्या जागेकडे बघत होता. मग तिला म्हणाला, "तू घरी चाल वं कौतिके." ती गेली नाही.

आता पुढची अडचण. लायनिंग तेल प्यायलं होतं, ते बदलायलाच हवं होतं. नवं सदर भागातल्या दुकानातून आणायला माणूस धाडला. पण ड्रमवरचा शेंदूर घासून काढायचा कुणी? एकदा देवाला चढवलेला शेंदूर माणूस खरवडत नाही. एकेक मजूर मागे सरकला. ठेकेदारालाही आता पांढरा शर्ट आठवला. मी बाह्या सरसावल्या तर सुखदेवनं माझा हात धरला. नका करू जी, तुम्हाला पोरंबाळं आहेत, म्हणाला. त्याच्या डोळ्यांत खरी भीती होती. हसण्यावारी नेण्यासारखी ती नव्हती.

तोड कौतिकानंच काढली. तिच्या माहेरच्या मारुतीवर वर्षानुवर्षं शेंदूर साचतो आणि एक दिवस त्याचा थर आपोआप गळून पडतो. देवानं खोळ टाकली, म्हणतात. ती खोळ कुणी पायदळी येऊ देत नाही, मानानं उचलून योग्य जागी ठेवतात. "यानंही टाकली म्हना," ती मशीनकडे बघत म्हणाली. मग तिनं चिंधी घेतली, रॉकेल घेतलं आणि ज्या हातांनी लावला होता त्याच हातांनी शेंदूर पुसायला बसली. थोड्या वेळानं सुखदेवही शेजारी बसला. ड्रम लख्ख झाला. माणसं जेवायला पांगल्यावर मनोऱ्यापासून जरा दूर, कुंपणाच्या भिंतीशी त्यांनी एक छोटा खड्डा केला, त्यात जुनं लायनिंग आणि चिंध्या ठेवल्या, वर पायाच्या खोदकामातला एक काळा दगड उभा केला आणि उरलासुरला शेंदूर त्याला लावला. यापुढे पूजा या दगडाची, मशीनला फक्त फूल, असं आमचं तिघांचं ठरलं.

नवं लायनिंग बसल्यावर मी पुन्हा पोती भरली, पुन्हा खूण केली, पुन्हा उभा राहिलो. या वेळी सुखदेवनं विडी काढली नाही. तोही माझ्या शेजारी उभा राहून खुणेकडे बघत होता. खूण आणि बकेट एका रेषेत राहिली. मी लाल टॅग सोडला. स्लॅब दुसऱ्या दिवशी टाकला. ठेकेदारानं सुखदेवला ठेवलं, कारण मी टॅग सोडायच्या आधी ते त्याच्याकडून कबूल करून घेतलं होतं. माझ्याविषयी मात्र त्यानं वर कळवलं की हा माणूस कामात खोडा घालतो. थोड्याच दिवसांत माझी बदली शहराबाहेर हुडकेश्वरच्या साइटवर झाली. तिथं चार मजल्यांची घरं आणि भोवती मोकळी शेतं होती. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? पण तिथलं धुकं फार सुरेख होतं.

या उन्हाळ्यात बायकोच्या गुडघ्यासाठी त्याच दवाखान्यात जावं लागलं. आरशाच्या लिफ्टनं वर गेलो. जिथं सुखदेव आणि कौतिका भाजीभाकर खायचे तिथं आता एक्सरेची खोली आहे. बायकोला आत नेलं आणि मी खाली आलो, सहज कुंपणाच्या भिंतीकडे गेलो.

दगड तिथंच होता. ओळखू येत नव्हता इतका शेंदूर चढला होता. खाली पांढऱ्या फरशीचा ओटा, वर पत्र्याचं छप्पर, एक छोटी घंटा. ओट्यावर नारळाची शकलं आणि कुणीतरी बांधलेले लाल धागे. मी नकळत छपराचा खांब हलवून पाहिला. पक्का होता.

वणीकडून आलेलं एक कुटुंब तिथं बसलं होतं. म्हातारे वडील वर अतिदक्षता विभागात होते. मुलानं डबा बाजूला ठेवून मला विचारलं, "बाबाजी, कोनता देव होय हा? सारेच पाया पडतात, पन नाव कोनी सांगत नाही."

माझ्याकडे उत्तर होतं. दगडाखाली काय आहे हे जगात तीनच माणसांना ठाऊक आहे, त्यातला मी एक. पण त्या मुलाच्या डोळ्याखाली जागरणाची काळी वर्तुळं होती. मी म्हणालो, "नाव मलेही माहीत नाही. पण खाली येणाऱ्याले हा धरून ठेवते." मुलगा उठला आणि दगडाला हात जोडून बराच वेळ उभा राहिला. मी खोटं बोललो नाही, असं मला आजही वाटतं.

घरी आल्यावर सुखदेवला फोन केला. तो आता गावीच असतो. सगळं सांगितलं. ओटा, छप्पर, घंटा, धागे. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "अन् लिफ्टवाला तिथला कसा हाय जी? रोज पाहते का ब्रेक?" मी म्हटलं, विचारलं नाही. "इचारा एकडाव," तो म्हणाला.

एवढ्यात त्याच्या मागून, अंगणातून असावा, एका बाईचा आवाज आला. "अवो, कोनाचा फोन होय? बोलनं झालं असन तं मिरच्या उचलू लागा. आभाळ आलं न."

सुखदेव म्हणाला, ठेवतो साहेब, हे बोलावून राहिली. मी म्हटलं, ठेव. पण त्यानं फोन बंद करायच्या आधी अंगणातून कौतिकाचा आवाज आणखी एकदा आला, आता जरा चिडलेला. फोन बंद झाला तरी मी तो कानाला लावूनच बसून होतो. इतक्या वर्षांत मी काय केलं ते पहिल्यांदाच मला ऐकू आलं होतं.